डब्यातली सतरा पाकिटं

८ जानेवारी, सकाळी साडेनऊ, दुकानात
आधी खुशाली. वही, तू कशी आहेस? गेल्या वर्षी तुझ्यात चारच पानं लिहिली, राग नसावा. हिचा गुडघा कसा आहे? विचारलं तर म्हणते, आहे तिथेच आहे. थोरल्या ताईचे कान? आणखी मंद झालेत, पण माझ्या कर्जाची बातमी तिला बरोब्बर ऐकू गेली. शेजारच्या चष्मेवाल्याची पाठ? ठीक. कोपरे कापायच्या मशीनची प्रकृती? उत्तम. फ्रेमचा कोपरा असा कापतं की जोड नखाला लागत नाही. हप्ते त्याचेच थकलेत, पण त्यात त्याचा काय दोष? माझं ब्लडप्रेशर? मोजलेलं नाही, म्हणजे नॉर्मल.
अकराला कर्ज सल्ला केंद्रात जायचंय. हिनेच नाव नोंदवलं. सेवा मोफत आहे म्हणे. मला तिथेच वास आला. आवळा देऊन कोहळा काढणारे आवळ्याचे पैसे मागतच नाहीत.

८ जानेवारी, दुपारी
सल्लागार बाई भाचीच्या वयाची आहे. काका, काका करते. संशय वाढला.
योजना अशी. घेणेकरी तीन: मशीनची कंपनी, क्रेडिट कार्डवाली बँक आणि घाऊक काचवाला. मी दर पाच तारखेला केंद्रात एकच हप्ता भरायचा, बाई तो तिघांना वाटणार. सलग दोन हप्ते चुकले की योजना रद्द, आणि कंपनी मशीन उचलून नेणार. मशीन गेलं की दुकान गेलं. हातकरवतीने सरळ कापायला आता माझा हात ऐकत नाही. हे बाईला सांगितलं नाही.
मग घरखर्चाचा फॉर्म. माणूस किती उधळ्या आहे हे काढून घ्यायची युक्ती. मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. बाहेरचा चहा: शून्य. औषधं: गरज नाही. किरकोळ: शून्य. मिळकतीच्या रकान्यात गेल्या वर्षीचा सर्वांत चांगला महिना टाकला. परक्या मुलीपुढे पडका चेहरा कशाला दाखवायचा? अक्षरही मोत्यासारखं काढलं. बाईने दोनदा विचारलं, काका, चहा खरंच पीत नाही? मी म्हटलं, शिवत नाही. निघताना तिने चहा मागवला. दोन कप घेतले. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

१५ जानेवारी
हप्ता ठरला. डोळे पांढरे झाले. एवढा कसा? बाईचा त्या कंपनीशी आतून संबंध असणार.

२२ जानेवारी
संकल्प: १. रोज आठला दुकान उघडणे. २. कोणावरही विश्वास न ठेवणे. ३. घेणेकऱ्यांची पत्रं न फोडणे.
बाईचं सांगणं उलट आहे. आलेलं प्रत्येक पत्र उघडा आणि मला आणून द्या. म्हणजे सापळाच. पाकीट फोडलं की पत्र पोचलं असं धरतात. बंद पाकीट म्हणजे बातमी अजून वाटेतच. हा कायदा मी स्वतः विचार करून शोधला आहे. पत्रं बिस्किटांच्या डब्यात, डबा फ्रेमच्या पाठीला लावायच्या पुठ्ठ्यांमागे. झाकली मूठ सव्वालाखाची. आतापर्यंत चार.

६ फेब्रुवारी
पहिला हप्ता काल वेळेवर भरला. त्यासाठी वीजबिल थांबवलं. याला नियोजन म्हणतात.

११ फेब्रुवारी, दुपारी
मशीनच्या कंपनीतून फोन. बाईने शिकवलं होतं की योजनेचा नंबर सांगा आणि फोन ठेवा. नंबर त्यांच्या हातात द्यायला मी दुधखुळा नाही. आवाज बदलून सांगितलं, मालक परदेशात गेलेत. फोनवरची मुलगी सारखी खोकत होती. विचारल्याशिवाय राहवेना. पंधरा दिवस झाले म्हणाली, सुट्टी मिळत नाही. मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या, पंख्याखाली बसू नकोस म्हटलं. वीस मिनिटं गेली. ठेवताना म्हणाली, मालक आले की सांगा हं काका. मालकाला काका म्हणाली नाही, मला म्हणाली. म्हणजे ओळखलं नाही.

२० फेब्रुवारी
समोरच्या फुटपाथवर तपकिरी बॅगवाला. माझी दरांची पाटी वाचून डायरीत काही लिहिलं. मग काचेतल्या फ्रेमा मोजल्या, बोट दाखवून. जप्तीची यादी. मी शटर अर्धं ओढून पट्ट्यांच्या ढिगामागे बसलो.

२१ फेब्रुवारी
पुन्हा तो. शटर पूर्ण ओढलं. दोन तास अंधारात बसलो. बाहेर कोणा बाईने शटर वाजवलं, लग्नाचा फोटो आहे म्हणाली. हेही त्यांचंच माणूस असेल. ताकही फुंकून प्यावं.

२३ फेब्रुवारी
बॅगवाल्याने शटरखालून पाकीट सरकवलं. त्याच्यावर तिकीट नाही. हाताने टाकलेली नोटीस सगळ्यात विषारी. थेट डब्यात.
तो पुन्हा आला नाही. शेवटी कंटाळला. जिंकलो.

६ मार्च
काल हप्त्याला पैसे कमी पडले. हिने पडदे शिवून साठवलेले दिले. तात्पुरते घेतले आहेत. ही काही बोलली नाही. न बोलण्यामागे काय आहे ते शोधलं पाहिजे.

१८ मार्च
चष्मेवाला सांगत होता, एका ट्रेनिंग संस्थेचा कारकून परवा चष्मा न्यायला आला होता, फ्रेमवाले काका गेले का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, छान, तसंच सांगत जा.

६ एप्रिल
हप्ता चुकला. गिऱ्हाईकच नाही. मंदी आहे. आठ वाजता दुकान उघडतो, पण शटर वर नसतं एवढंच.

२० एप्रिल
ही बाईशी फोनवर बोलत होती, मी आल्यावर गुडघ्याचा विषय काढला. दोघींचं संगनमत आहे.

३ मे
खात्री पटली. बाईने उद्या बोलावलंय आणि डबा घेऊन या म्हणाली. डबा हा शब्द तिला कोणी सांगितला? हिला विचारलं. म्हणाली, पुठ्ठे झाडताना तीन महिन्यांपूर्वीच सापडला. मी म्हटलं, मग फोडलीस का नाहीस? ती म्हणाली, "तुमच्या नावची पत्रं तुमच्या माघारी फोडायला मी काय घेणेकरी आहे?"
परवा पाच तारीख. खिशात निम्मेही नाहीत.

४ मे, संध्याकाळी
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
केंद्रात ही सोबत होती. सतरा पाकिटं. बाईने कागद कापायच्या सुरीने एकेक उघडलं. बारा पत्रं साधी हिशेबाची, आणि बँकेने आणि काचवाल्याने तर जानेवारीपासूनच व्याज बंद केलं होतं. चार मशीनच्या कंपनीची: हप्ता जड जात असेल तर कळवा, कमी करता येईल. दर वेळी खाली तीच ओळ: कृपया उत्तर द्या.
सतरावं बिनतिकिटाचं. ट्रेनिंग संस्थेच्या कारकुनाचं. चाळीस प्रमाणपत्रांना काचेसह फ्रेमा हव्यात, दर पाहिला, पसंत आहे, आगाऊ रक्कम तयार आहे, दुकान बंद दिसलं म्हणून चिठ्ठी ठेवतो, एक मार्चपर्यंत कळवावे. चाळीस. तीन हप्ते निघाले असते. बाईने तिथूनच फोन लावला. कारकून म्हणाला, काम दुसरीकडे कधीच झालं, पण काका बरे आहेत हे ऐकून बरं वाटलं.
हिने खिडकीबाहेर पाहिलं.
मग मी हप्त्याचा विषय काढला. एवढा हप्ता माणूस भरेल कसा? बाईने माझा फॉर्म पुढे सरकवला. बोलली हळूच. "काका, हप्ता मी नाही ठरवला. यावरून निघाला. हे अक्षर तुमचंच ना?"
माझंच होतं. मोत्यासारखं.
नवा फॉर्म भरला. हिने सांगितलं, मी लिहिलं. बाहेरचा चहा: रोज चार. औषधं: गुडघ्याची, शिवाय माझ्या प्रेशरची, जे तिथेच मोजलं आणि नॉर्मल नाही. मिळकत: खरी. आकडा एवढासा दिसला की पेन थांबलं. ही म्हणाली, लिहा, एवढ्यातच संसार झालाय.
हप्ता निम्म्याहून कमी. मुदत सात वर्षं. म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तरपर्यंत मला मरायची मुभा नाही. बँक आणि काचवाला फोनवरच तयार झाले. मशीनच्या कंपनीला मात्र माझ्या हातचं पत्र हवं. पंधरा दिवस मशीनला हात लावणार नाहीत.

५ मे, सकाळी आठ
शटर पूर्ण वर. पत्र लिहिलं. ही म्हणाली, कंपनीला खुशाली कोण विचारतं? मी म्हटलं, मला पत्र असंच लिहिता येतं. नक्कल इथे ठेवतो.
"सप्रेम नमस्कार. आपल्या ऑफिसात सर्व कसे आहेत? फोनवर बोलणाऱ्या मुलीचा खोकला थांबला का? नसेल तर तिला सुट्टी द्यावी. मशीनची प्रकृती उत्तम आहे, ते माझ्याकडे राहिल्यास तशीच राहील. मालक परदेशातून परत आले आहेत. ते कुठे गेले नव्हते. नव्या हप्त्याचा कागद सोबत आहे, यातले आकडे खरे आहेत, माझ्या बायकोने तपासले आहेत. उत्तर लवकर लिहावे. पाकीट आल्याबरोबर उघडले जाईल."