भत्त्यावर सुटलेली सिगरेट

म्दांत्साने, दक्षिण आफ्रिका, जुलै

आदरणीय मामा,

तुमच्या भाच्याचा वाकून नमस्कार. या थंडीत गुडघ्यांनी फार छळलं नसेल, आणि मामींचा तुमच्यावरचा राग एव्हाना निवळला असेल अशी आशा आहे. (निवळला नसेल, तर हे पत्र त्यांच्या हाती देऊ नका.)

इकडे काचेचा कारखाना बंद पडला तो पडलाच. बेकारभत्ता सुरू होईपर्यंत मी एवढा धूर सोडला की चालू असताना कारखान्याच्या चिमणीनंही सोडला नसेल. कोपऱ्यावरची नोझुको मावशी सुट्या सिगरेटी विकते. ती मला लांबून बघूनच काडेपेटी काढायची. लिंडेका (तुमची सूनबाई) म्हणाली, "उद्या भत्ता आला की त्याचाही धूरच कराल." मलाही तसंच वाटत होतं. पण झालं भलतंच. भत्ता आला, घरात मक्याच्या पिठाची गोणी आली, मला झोप लागायला लागली. एका सकाळी दाढी करताना लक्षात आलं, की कालपासून आपण सिगरेटला हात लावलेला नाही. मग सुटलीच. हे सुख गुपचूप भोगावं की नाही? पण लिंडेकानं चर्चमध्ये सांगितलं, पाद्रीबुवांनी मला उभं केलं, आणि मी मनोनिग्रहावर असा बोललो की दोन म्हाताऱ्या रडल्या. (त्या तशा कशावरही रडतात.)

तेव्हापासून मला उपदेशाची खोड लागली. झोलीसा हा भट्टीवरचा माझा जोडीदार, आमच्याच गल्लीतला. पण तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदारानं बेकारभत्त्यासाठीची त्याची वर्गणीच सरकारात भरली नव्हती, त्यामुळं त्याला भत्ता नाही. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. हा दारात बसून एकीवर एक पेटवायचा, आणि मी समोर उभा राहून मन कसं आवरावं ते सांगायचो. एकदा शांतपणे म्हणाला, "लुवो, तुझी सिगरेट तुझ्या मनानं नाही रे सोडवली, भत्त्यानं सोडवली. तो संपू दे, मग ये. आपण बोलू." मी तणतणत घरी आलो. लिंडेकाला सांगितलं, तर तिनं मान खाली घालून भांडी घासली, हेच मला जास्त लागलं.

मे महिन्यात भत्ता संपला. काम कुठंच नाही. काही दिवस लवंगा चघळल्या. मग एका दुपारी पाय आपोआप झोलीसाच्या दाराकडे वळले. वाटलं, आता हिणवेल. त्यानं सरकून जागा केली आणि आपली अर्धी ओढलेली सिगरेट माझ्या हातात दिली. बोलायचं ठरलं होतं, पण मी ती बोटं पोळेपर्यंत ओढली. चर्चमध्ये अजून माझंच उदाहरण देतात. मी मागच्या बाकावर तोंड मिटून बसतो, वास येऊ नये म्हणून.

बाकी सगळं ठीक आहे, असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

तुमचा भाचा,
लुवो

ता. क. : तुमच्या गोठ्यामागची तंबाखू यंदा कशी आली? बसवाल्याकडे ओंजळभर वाळवून पाठवा. वर 'पोटदुखीचा पाला' असं लिहा. लिंडेका पुडकं उघडून बघते.

आणखी एक : पाकीट चिकटवण्याआधी लिंडेकानं पत्र वाचलं. रागावली नाही. म्हणाली, "तंबाखू कसली मागता, तिकडे कुणाची गुरं राखायचं काम आहे का ते विचारा." तर मामा, विचारून ठेवा. दोघांसाठी विचारा, झोलीसाही येईल. तंबाखू मात्र पाठवाच.