वॉर्ड नंबर एकचे फरारी

तीर्थरूप आत्याच्या पायांवर डोकं ठेवून (म्हणजे कान तुझ्या हाताला लागणार नाहीत) भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? माझी बरी आहे, तुझ्या भाचेसुनेची माझ्याहून बरी आहे, आणि माशांची… माशांकडे मी येतोच. घाई करू नकोस, घाई तुला वर्ज्य आहे असं ताई म्हणाली. आधी खुर्चीत नीट बस, पाठीशी उशी घे, आणि हे पत्र ताईला वाचायला देऊ नकोस. ती तुझी लेक असली तरी वाईट बातमी आली की तिचा आवाज चढतो, आणि ह्या पत्रात तिला बराच वेळ वरच्या पट्टीत राहावं लागेल. फोन सोडून पत्र कसलं लिहितोय, असं तुला वाटेल. पण ऑपरेशन थिएटरची मेट्रन म्हणून तुझा जन्म गेला. कोणी नुसतं हॅलो म्हटलं तरी त्याला ताप किती आहे ते तुला कळतं. प्रत्येक फोनवर तू विचारतेस, मासे कसे आहेत, आणि मी सांगतो, मजेत. परवा त्यावर तू फक्त "हं" म्हणालीस. त्या "हं"पासून फोन वाजला की मी न्हाणीघरात जातो आणि तुझी भाचेसून तो घेते.

तू गेलीस तीच गडबडीत. छातीत कळ आली, ताईने गाडी आणली, आणि तू जिन्यात उभी राहून तुझ्या घराची किल्ली माझ्या हातात दिलीस. चेहरा पांढराफटक पडलेला, पण सूचना चालूच. डावी टाकी वॉर्ड नंबर एक, उजवी वॉर्ड नंबर दोन. एकची जाळी दोनमध्ये बुडवायची नाही. एकमधले आणि दोनमधले मासे चुकूनही एका पाण्यात आणायचे नाहीत, कारण ते एकमेकांत लग्नं लावतात, मिश्र पिल्लं होतात, आणि तू इतकी वर्षं सोवळ्यात सांभाळलेले दोन्ही वंश एका दमात बुडतात. मग गाडीत बसता बसता, दुधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी टाक म्हणावं इतक्या सहज म्हणालीस, "मी नाही आले, तर हे तुझे." मी मान हलवली. घाबरलेल्या माणसाची मान नेहमी होकारार्थीच हलते.

तरी काम मला सोपं वाटलं होतं. वॉर्ड एकमध्ये डेमासोनी, सगळे निळे, अंगावर काळे उभे पट्टे. वॉर्ड दोनमध्ये सौलोसी, सगळे हळदीसारखे पिवळे, अजून मिसरूड न फुटलेल्या वयाचे. (दोघंही आफ्रिकेतल्या एकाच तळ्याचे, सिक्लिड ह्या एकाच भांडकुदळ घराण्यातले, हे तू मला इतक्यांदा सांगितलं आहेस की माझ्या आजोळापेक्षा त्यांचं आजोळ मला जास्त ठाऊक आहे.) निळा आणि पिवळा एवढा फरक तर आंधळ्यालाही कळेल. शिवाय मी बँकेत सह्या पडताळणारा माणूस. लोकांना वाटतं ह्यात काय आहे, दोन सह्या शेजारी धरायच्या. अगं, न जुळणाऱ्या सहीची मला भीती वाटत नाही, हुबेहूब जुळणाऱ्या सहीची वाटते. खरा माणूस दोनदा तंतोतंत सारखी सही करूच शकत नाही. कधी हात अवघडलेला असतो, कधी मन. म्हणून शंका आली की माझं एकच उत्तर असतं, खातेदाराने समक्ष यावं. साहेब चिडतात, खातेदार टेबलावर हात आपटतात, मी थरथरतो, पण समक्ष बोलावतोच. असा माणूस दोन टाक्यांत घोळ घालील, हे तुलाच काय, मलाही वाटलं नव्हतं.

एक दिवस कामावर जाण्याआधी खाणं टाकायला वर तुझ्या घरी गेलो, तर वॉर्ड दोनमध्ये पिवळ्यांच्या मधोमध एक निळा पट्टेवाला! मी म्हटलं, झालं, वॉर्ड एकमधून एक जण उडी मारून पळाला. दोन टाक्यांत वीतभर अंतर, झाकण थोडं सरकलेलं, सगळा पुरावा समोर होता. मी खुर्चीवर चढून, धोतराचा सोगा धरावा तशी पँट वर धरून, त्या फरार्‍याला जाळीत पकडला आणि वॉर्ड एकमध्ये परत केला. (जाळी वॉर्ड दोनचीच वापरली, ह्याची नोंद घे. शिस्त सोडली नाही.) वर झाकणावर तुझा पाटा ठेवला. घरी येऊन तुझ्या भाचेसुनेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मोजून बघायचे होते की." मी म्हणालो, ते स्थिर राहत नाहीत. खरं म्हणजे मला ते सुचलंच नव्हतं.

काही दिवस शांततेत गेले आणि वॉर्ड दोनमध्ये दुसरा निळा उगवला. पाटा जागच्या जागी. आता माझं धाबं दणाणलं. जो मासा पाटा उचलून बाहेर पडतो, शेजारच्या टाकीत शिरतो आणि जाताना पाटा पुन्हा नीट ठेवतो, तो माणसाला काय करील? त्यालाही परत केला. पाट्यावर वरवंटा ठेवला. मग तिसरा आला. त्या दिवशी मी बँकेत एका म्हाताऱ्या खातेदाराला तुम्ही मूळचे कुठल्या वॉर्डातले असं विचारलं, आणि साहेबांनी मला आत बोलावून पाणी दिलं. इकडे वॉर्ड एकमध्ये दंगल उसळली होती. शेपट्या कुरतडलेल्या, कोणी दगडाआड, कोणी गाळणीच्या नळीमागे, आणि एक दांडगट सगळ्यांच्या मागे लागलेला. मला वाटलं, पळून गेलेले परत आले म्हणून घरचे त्यांना शिक्षा करतायत. आपल्याकडेही करतात.

मग एकदा वॉर्ड दोनमध्ये मला असा मासा दिसला, जो पुढून पिवळा आणि मागून निळा होता. नवा सदरा एका बाहीत घालून दुसरी बाही शोधणाऱ्या माणसासारखा. मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो, आणि आत्या, माझ्या डोक्यात प्रकाश पडला तेव्हा मला अंधारी आली. कोणी पळालंच नव्हतं! पिवळ्यांतले नर वयात आले की निळे होतात. त्यातला एक दादा होतो आणि तो रंग चढवतो. मी त्या दादाला उचलून शेजारी टाकला की गादी रिकामी, मग दुसरा रंग चढवतो, मी त्यालाही उचलतो, की तिसरा. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही वरचेवर. तुझ्या वॉर्ड दोनचे सगळे बाप्ये मी स्वतःच्या हाताने वॉर्ड एकमध्ये नेऊन सोडले होते. सगळे निळे. सगळ्यांना काळे उभे पट्टे. आणि मी बोलूनचालून पडताळणी खात्यातला.

त्या दिवसापासून मी त्यांना ओळखायचा प्रयत्न करतोय. आणि अडचण अशी की मी काचेजवळ गेलो की ते भीतीने रंग सोडतात. निळं फिकं होतं, पट्टे पुसट होतात, आणि सगळे सारखेच राखाडी दिसतात. मीही त्यांना बघून रंग सोडतो. मग आम्ही एकमेकांकडे बघत बसतो, काचेच्या दोन्ही बाजूंना पांढरे पडलेले. शेवटी मी टाकीकडे पाठ करून बसलो आणि तुझ्या भाचेसुनेचा हातआरसा धरून त्यात बघू लागलो. नेमकी ती मला शोधत वर आली. नवरा रोज मासे बघायला म्हणून जातो आणि रिकाम्या घरात आरशात तोंड बघत बसतो, हे पाहून ती दारातूनच परत गेली, जाताना फक्त "हं" म्हणाली. तीही आता तुझ्यासारखं "हं" करायला शिकली आहे.

चौकातल्या माशांच्या दुकानदारालाही बोलावून आणलं. तो कंबरेवर हात ठेवून टाकीसमोर उभा राहिला आणि बोट दाखवत सुटला, हा डेमासोनी, तो सौलोसी, तो डेमासोनी. मी त्याला पाणी द्यायला आत गेलो, परत आलो आणि पुन्हा विचारलं, तर तोच मासा आता सौलोसी होता. "एवढं मनाला लावून घेऊ नका हो," तो म्हणाला, "राहू देत एकत्र, मिश्र पिल्लं झाली तर मी नेतो." तुझ्या माशांची मिश्र पिल्लं! मी त्याला भीक नको पण कुत्रं आवर म्हणत जिन्यापर्यंत पोचवला.

तर आत्या, झालं ते असं आहे. आता माझी हात जोडून विनंती एवढीच, की तू परत यायची अजिबात घाई करू नकोस. ताईकडे हवा चांगली आहे, घरात जिना नाही, पाहिजे तेवढं राहा. सावकाश बरी हो. तोवर मी काहीतरी मार्ग काढतो, आणि नाहीच निघाला तर दुसऱ्या शाखेत बदली मागून घेतो.

तुझा भित्रा (हे तूच ठेवलेलं नाव) भाचा

ता. क. पत्र पाकिटात घालत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला. घरात मी एकटाच होतो, त्यामुळे घ्यावा लागला. डॉक्टर ऑपरेशन करायचं म्हणतायत आणि तू संमतीच्या कागदावर सही करत नाहीस, असं ती रडत सांगत होती. इतक्यांना टेबलावर झोपलेलं पाहिलंय, आता मला नाही झोपायचं, असं तू म्हणतेस. आणि म्हणतेस की मासे मार्गी लागले, आता माझं काय अडलंय. वर केलेली सावकाश येण्याची विनंती मी ह्याद्वारे मागे घेतो.

ता. क. दुसरा. मासे मार्गी लागलेले नाहीत, हे तू आत्ताच वाचलं आहेस. आणखी ऐक. वॉर्ड एकमधली एक मादी काही खात नाही, हनुवटी फुगवून, मूग गिळून बसली आहे. दुकानदार आजारी म्हणाला, पण तुझी भाचेसून काचेला डोळा लावून म्हणाली, "अहो, आजारी कुठली, हिने पिल्लं तोंडात सांभाळली आहेत." बाप कोण, ते मादी सांगत नाही. आणि फोन ठेवून आरसा घेऊन वर बसलो, आत्या, तर मला ते सगळे आता ओळखू येतात. पट्टा सुरू कसा होतो ते बघायचं नाही, पोटाखाली संपतो कसा ते बघायचं, सहीचं असतं तसंच. आज दुपारी बसलो तर संध्याकाळपर्यंत मी दोन्ही वॉर्ड वेगळे करू शकतो. पण करणार नाही. बोटही लावणार नाही. तू येशील तेव्हा करीन, तू खुर्चीवर बसून ओरडत असताना. मला ते मासे नको आहेत. जिन्यात मी मान हलवली होती ती भीतीने, तिला होकार धरू नकोस. नियम तुला माहीत आहे, खातेदाराने समक्ष यावं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. तुझा हात आता कापतो, असं ताई म्हणाली. मलाही फार भीती वाटते, बघ, हे अक्षरसुद्धा कसं आलंय. पण सही कापली म्हणून मी आजवर कोणाची बाद केलेली नाही. तू कर.