भिंतीवरच्या दोन फुल्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

गाडीचा एक डोळा गेला! डावा.

गोदामातून निघायला आज उशीर झाला. सिग्नलला पुढे बस होती, तिच्या मागच्या पत्र्यात माझ्या गाडीचा एकच दिवा दिसला. आधी वाटलं माझ्याच डोळ्यात कचरा गेलाय. चष्मा पुसला. तरी एकच. काण्या गाडीत बसून जीव मुठीत धरून घरी आलो. अंधारात गाडी चालवायची ही पहिलीच वेळ, आणि तीही अशी.

घरात पाय ठेवतो तोच लेकीचा फोन. पुढच्या शुक्रवारी येते म्हणाली. मग तेच – "बाबा, गाडी विकू या. घराचंही बघू. तुम्ही माझ्याकडे या. एकटे काय करता तिथं?"

नेहमी मी "बघू" म्हणतो. आज तोंडातून काय निघावं? "स्टँडवर न्यायला मी येतो."

ती – "गाडी घेऊन? माझी बस अंधार पडल्यावर येते, बाबा."

"गाडी घेऊन."

"बरं. तुम्ही मला अंधारात नीट घरी आणलंत ना, तर विकायचं नाव काढणार नाही. नाही आणलंत तर तुम्ही माझ्याबरोबर यायचं. कबूल?"

कबूल म्हटलं! ही असती तर म्हणाली असती, बोलत नाही तो बोलत नाही, आणि बोलला की हे!

५ नोव्हेंबर

सुट्ट्या भागांच्या दुकानात गेलो. जन्मात पहिल्यांदा. गाडी हिची होती – चालवायची ही, दुरुस्त करायची ही. मी शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन बसणारा. जूनमध्ये क्लास लावला तेव्हा शिकवणारा म्हणाला होता, "काका, पाय ब्रेक शोधतोय, पण डाव्या बाजूला ब्रेक नसतो." इतक्या वर्षांची सवय.

दुकानदाराला म्हटलं, डाव्या दिव्याचा बल्ब. तो म्हणाला, "एक कशाला बदलता? दोन्ही काढा, एलईडी टाका. रस्त्यावर दिवस उगवेल साहेब!"

मी एकच साबण वीस वर्षं वापरणारा माणूस. म्हटलं, उगवू दे!

डबी उशाशी घेऊन बसलोय. लहान मुलासारखं झालंय.

६ नोव्हेंबर

आजचं लिहिताना अजून हसू येतंय. पेन हलतंय.

संध्याकाळी मेहुणी आली. हिची धाकटी बहीण, शिवणकाम करते, जीभ कात्रीसारखी. पार्किंगमध्ये बॉनेट उघडून दिलं आणि टॉर्च तिच्या हातात ठेवला.

"ताई काम करायची आणि तुम्ही टॉर्च धरायचात. आता टॉर्च माझ्याकडे! बढती झाली म्हणायची तुमची."

म्हटलं, मी इतकी वर्षं बघितलंय, मला सगळं पाठ आहे. आणि खरंच पाठ होतं. मागची वायर ओढून काढायची, रबरी टोपी सोलायची, तारेची क्लिप दाबून बाजूला करायची, बल्ब बाहेर. नवा आत, क्लिप परत. बंपरसमोर उभा राहिलो, दिव्यावरून पलीकडे वाकलो आणि सुरू केलं. क्लिप उलट्या बाजूला उघडायला बघतोय – ढिम्म. नवा बल्ब खाचेत बसेना. बल्बच्या बुडाचं मोठं पातं वर यायला हवं, हे माहीत. वर तर आहे! जोर लावला. कट्. बसला. दुसराही तसाच बसवला, जोर लावूनच.

"लावा दिवे," मेहुणी म्हणाली.

लावले. समोरची भिंत काळीकुट्ट. आणि वर, पहिल्या मजल्यावर, निवृत्त जज्जसाहेबांची गॅलरी लखलखली! साहेब बनियनवर, हातात झारी. कुंडीला पाणी घालता घालता तसेच थिजले. हात वर केले – शपथेवर सांगतो, दोन्ही!

"कोण आहे? काय पाहिजे?"

मला बटणच सापडेना. वायपर सुरू झाले. मेहुणी चाकाला टेकून खाली बसली, हसून हसून. मीही हसलो. आवाज करून. मार्चमध्ये ही गेली, त्यानंतर पहिल्यांदा. पार्किंगमध्ये तो आवाज घुमला, तेव्हा कळलं की माझा आहे.

साहेब जिन्यातून खाली आले. शर्ट घालून, बटणं एकाआड एक. "आयुष्यभर मी लोकांवर उजेड पाडला, आज तुम्ही परतफेड केलीत." मग भिंतीकडे बोट – "आणि त्या फुल्या केव्हा पुसणार? सोसायटीने भिंत रंगवायला काढलीय."

भिंतीवर हिने नेलपॉलिशने काढलेल्या दोन लाल फुल्या आहेत. दिव्यांचा फोकस कुठं पडायला हवा त्याची खूण. म्हटलं, एवढ्यात नको साहेब. ते बटणं नीट लावत वर गेले.

७ नोव्हेंबर

चूक सापडली! पहाटे अंथरुणातच सापडली.

काम करताना ही चाकाच्या बाजूने आत वाकायची. मी टॉर्च घेऊन बंपरसमोर. म्हणजे मी जे पाठ केलं ते सगळं समोरून, डोकं खाली घालून बघितलेलं. माझं वर ते तिचं खाली! काल मी माझ्या जागेवरून तिचं काम करायला गेलो.

आज चाकाच्या बाजूला गेलो. तिच्या जागी. तिथं फेंडरचा, म्हणजे चाकावरच्या पत्र्याचा, रंग थोडा घासलाय, तिच्या कोपरानं. माझं कोपर बरोबर तिथंच टेकलं. थोडा वेळ टॉर्च लावलाच नाही, तसाच टेकून राहिलो.

बल्ब सुलटे बसले. चुटकीसारखा सोपा आवाज – खट्.

९ नोव्हेंबर, रविवार

मेहुणीला घेऊन अंधारात चक्कर. रस्त्यावर खरंच दिवस उगवलाय! पण समोरून येणारा प्रत्येक जण दिवे वरखाली करतोय. मी घाबरलो.

"सगळे तुम्हाला डोळे मिचकावतायत हो भाऊजी! या वयात!"

एका रिक्षावाल्याने थांबून विचारलं, "काका, गाडी आहे की विमान उतरवताय?" मेहुणी त्याला म्हणाली, "उतरतच नाहीये, तेच तर!"

हसलो खरे, पण एक सायकलवाली मुलगी डोळ्यांवर हात धरून कडेला थांबली, ते बघितलं. लेकीला आणताना माझ्या उजेडाने कुणी खड्ड्यात जायला नको. उद्या साधे बल्ब आणतो. पूर्वीचेच.

१० नोव्हेंबर

दुकानदार म्हणाला, "दिवस मावळला का साहेब?" मावळला म्हटलं.

११ नोव्हेंबर

साधे बल्ब बसवले. एकटीनं – चुकलं, एकट्यानं! काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल लागलं की बल्ब लवकर जातो. ही दर वेळी माझा धुतलेला रुमाल मागायची, मी कुरकुर करायचो. आज मी स्वतःच इस्त्रीचा रुमाल काढला आणि स्वतःवरच कुरकुर केली.

मग फोकस बघायचा होता. खाली गाडी उभी करायची जागा ठरलेली आहे. मेहुणीला बोलावून म्हटलं, तू सीटवर बस, दिवे लाव, मी भिंतीशी उभा राहतो. उजेड फुल्यांवर येईना. डावा वर, उजवा खाली. दोनेक बोटांचा फरक.

"स्क्रू फिरवा मागचा," ती आतून.

तो स्क्रू हिने फिरवून ठेवलाय. मी हात लावणार नाही म्हटलं.

"मग मी उतरते. माझ्या वजनाने गाडी कलली असेल, म्हणा तसं तोंडावर! तुम्ही बसा."

मी बसलो. ती भिंतीजवळून ओरडली, "अगं बाई! नेमके फुल्यांवर! सुई ओवल्यासारखे!"

आठवलं. त्या दिवशीही सीटवर मीच होतो. मागच्या हिवाळ्यात, दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन ही घरी आली तो दिवस. चहासुद्धा घेतला नाही. मला खाली नेलं, चालवणाऱ्याच्या सीटवर बसवलं, म्हणाली, "हलू नकोस. वजन पाहिजे मला." मी म्हटलं, एवढी वर्षं जड झालो नाही, आज वजनाला कामी आलो! ती हसली नाही. नेलपॉलिशची बाटली घेऊन भिंतीशी बराच वेळ उभी होती. मला वाटलं चिडलीय. वाटलं, काहीतरी काम हवंय हिला, रिपोर्ट विसरायला.

मेहुणीला हे सांगितलं नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसल्यासारखं ताठ बसून राहिलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आणली! आणली! आणली!

बस वीस मिनिटं उशिरा. तेवढ्यात मी दिवे चार वेळा लावून बघितले. पानवाला म्हणाला, "कुणाला खुणा करताय काका?" लेक उतरली, गाडी बघितली, मला बघितलं, पुन्हा गाडी. मांडीवर पिशवी घेऊन शेजारी बसली. अगदी माझ्यासारखी! रस्ताभर दोन्ही हातांनी पिशवी धरलेली. पुलावर समोरून ट्रक आला, मी दिवे खाली केले, त्यानेही केले. नमस्कार झाल्यासारखं वाटलं.

आपल्या जागेवर गाडी लावली. दिवे फुल्यांवर. ती बघत बसली. "हे आईनं?" म्हटलं, हो. मी वजन म्हणून बसलो होतो. सगळी हकीकत सांगितली, जज्जसाहेबांसकट. ती हसली, मग रडली, मग परत हसली. गॅलरीतून साहेब ओरडले, "आज कुणावर उजेड?"

विकायचं नाव काढलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

लेकीला स्टँडवर सोडलं. दार उघडून एक पाय बाहेर, आणि म्हणाली, "बाबा, परवा बोलले नाही. फोकस लावताना सीटवर कुणालाही बसवत नाहीत. जो पुढे गाडी चालवणार, त्यालाच बसवतात. मला आईनंच शिकवलंय."

म्हटलं, पण तेव्हा मला गाडी येत कुठं होती?

"तेच," ती म्हणाली, आणि बसकडे पळाली.

मी तसाच बसून होतो. मागच्याने हॉर्न दिला. गेलो. दिवे लावून.