फळीपासून दोन मुठी

मामंजी, आज सकाळी आमच्या इमारतीखाली एकजण टेम्पोच्या पोटाखाली आडवा झाला होता आणि त्याची बायको आत बसून पायडल दाबत होती. "दाब," तो खालून ओरडायचा, "आता हळू सोड." मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातला पिळा हातात राहिला आणि माझा डावा पाय आपोआप लादीवर दाबला गेला. कोणी पाहिलं नाही. पाहायला घरात कोणी नाहीच. जुळे सोलापुरात ही दोन खोल्यांची जागा मी निवृत्त झाल्यावर घेतली. तुमच्या वेळी इथं नुसता माळ होता. तुम्ही म्हणाला असता, एवढ्या लांब कोण मरायला जातंय. संध्याकाळी दिवा लावला की घर अंगावर येतं, म्हणून आज कागदावर तुमच्याशी बोलत बसले आहे. तुम्ही होता तेव्हा कुठं बोलले? सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, असा तो काळ, आणि तुम्हीही त्यात पक्के. पाणी हवं असलं तरी भिंतीला सांगायचात.

तुमची लॉरी मला आल्या दिवसापासून आवडली नव्हती. पहिल्या लढाईत गोऱ्यांनी वापरून टाकलेली, माझ्याहून वयानं मोठी, भरीव रबराच्या चाकांची. दारात उभी राहिली की स्वयंपाकघरात अंधार. वैरागच्या बाजारातून शेंगांची पोती भरून आली की गल्लीतल्या मांडणीवरची भांडी वाजायची. ती चालवायचा तुमचा एकुलता मुलगा, माझा नवरा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात आपण तिघंच. त्यातले ते उजाडायच्या आत निघायचे आणि परत यायचे ते पेंगत, जेवता जेवता डोळे मिटायचे. मी कडक भाकऱ्या फडक्यात बांधून द्यायचे आणि त्यांचे तेलकट सदरे धुवायचे. कुठल्या सदऱ्याची कुठली गुंडी सैल आहे ते मला पाठ होतं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ताप आला आणि ते गेले. तुम्ही लोकांसमोर रडला नाहीत. लॉरीखाली जाऊन पडलात आणि पान्ह्याचा आवाज करत राहिलात. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून, हे मला कळत होतं.

त्या लॉरीच्या क्लचमध्ये चामडं होतं. ते झिजलं की पायडलापासून क्लचपर्यंत जाणाऱ्या लोखंडी दांडीचं नट फिरवून माप पुन्हा बसवावं लागे. हे तुम्ही मला शिकवलं नाहीत. तुम्ही खाली पडल्या पडल्या त्या दांडीशी बोलायचात आणि मी वर ऐकायचे. पायडल आधी थोडं रिकामं जायला हवं, मग पायाला जोर लागायला हवा. तो जोर पायाखालच्या फळीपासून किती उंचीवर लागतो, तेच माप. तुमच्या मुलाचं माप होतं दोन मुठी. जोर लागला की पाय तिथंच धरायचा आणि पायडलखाली मुठीवर मूठ ठेवून बघायचं. ते असताना ते वर बसायचे आणि तुम्ही खाली जायचात. आता वर बसायला कोणी उरलं नव्हतं. एका दुपारी तुम्ही अंगणातून भिंतीला म्हणालात, "आत कुनी हाय का? जरा पायडल दाबाया पायजे."

मी पदर सावरत चढले. बसले आहे की नाही, हे तुम्हाला कळणार कसं? हातात बांगड्या असत्या तर वाजल्या असत्या. मग मीच फळीवर टकटक केलं, आणि तीच आपली रीत पडली. एकदा वाजवलं की माप बसलं, दोनदा वाजवलं की अजून नाही. "दाब," तुम्ही म्हणता. मी दाबते. "सोड हळू. दोन मुठी झाल्या का?" मी वाकून मुठीवर मूठ ठेवते, नीट बघते, आणि टक. खरं सांगते, त्या घरात दिवसच्या दिवस मला उद्देशून कोणी बोलायचं तर एवढंच. चामडं झिजावं म्हणून मी वाट बघायचे.

पण ड्रायव्हर टिकेना. जो यायचा तो म्हणायचा, गिअर टाकताना कडकड वाजतोय, क्लच नीट सुटत नाही. तुम्ही भडकायचात. "माजा पोरगा ह्याच मापावर चालवायचा. तुमास्नी चालवाया येत न्हाय, आन् लॉरीला नावं ठिवताय!" तुम्ही त्या मापाला हात लावू द्यायला तयार नव्हता. मुलाचं म्हणून तेवढंच राहिलं होतं. लॉरी दारात उभी राहू लागली, धान्याचे डबे वाजू लागले, आणि वळसंगहून माझा भाऊ आला. "लॉरी मोडीत काडा मामा, आन् हिला मी घिऊन जातो. हितं काय हाय आता तिचं?" भाऊ वाईट नव्हता. पण त्याच्या घरी मी गेले असते तर भावजयीच्या चुलीपुढं आणि मेंढरांमागं जन्म गेला असता, आणि मला ते नको होतं. दाराआड उभी राहून मी मनात ओरडत होते, नको म्हणा, नको म्हणा. तुम्ही बराच वेळ सुपारी कातरत राहिलात आणि म्हणालात, "आनी एक डायवर बगतो. न्हाय जमलं तर घिऊन जा."

तो शेवटचा ड्रायव्हर वयानं तुमच्याहून थोडाच लहान, शहरातलाच, तोंडात पान. आपण सकाळीच माप लावलं होतं. भाऊ ओट्यावर बसलेला. त्या माणसानं लॉरी गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि कडकड वाजवत परत आणली. तुम्ही तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "चाचा, माप गलत है." "दोन मुठी हाय! आज लावलंय!" त्यानं जोर लागेपर्यंत पायडल दाबलं आणि खाली आपल्या मुठी घालू लागला. मावेचनात, जोर फार खाली लागत होता. "दो मुठ्ठी, दो मुठ्ठी बोलते चाचा, पन किसकी मुठ्ठी?"

तुम्ही दाराकडे पाहिलंत. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. "पोरी, हात दाखीव." इतके महिने माझ्याच हातांनी घर बुडवत होते, आणि आता हाकलणार, असं वाटलं. मी बाहेर आले, मूठ पुढं केली. तुम्ही तुमची वंगणानं काळी झालेली मूठ तिच्या शेजारी धरलीत. माझी पोराटोरांच्या मुठीएवढी दिसली. तुम्ही हसलात. "आन् मी डायवरास्नी शिव्या घालत बसलो की!" मग हसू गेलं आणि एकदम खालच्या आवाजात विचारलंत, "त्याची मूठ केवडी व्हती गं? माज्यायवडी, का मोटी?" मी मान खाली घातली. तुम्ही शेवटी म्हणालात, "ऱ्हाऊ दे." आणि त्या माणसाला, "बस वर. तुज्या मुठीनं लाव." आणि खाली शिरलात.

गिअर पडला तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. भाऊ एकटाच परत गेला. तो ड्रायव्हर शेवटपर्यंत राहिला, लॉरीनं आपल्याला पोसलं, आणि पुढं तुम्हीच मला, भिंतीला न सांगता, म्हणालात की शाळेत जा, मास्तरीण हो. झाले. जन्मभर पोरींना शिकवलं. पण त्या दिवसानंतर पायडल दाबायला मला तुम्ही कधी बोलावलं नाहीत. वर तो बसायचा. मी स्वयंपाकघरातून तुमचं "दाब" आणि "सोड" ऐकायचे.

हे पत्र कुठं टाकायचं ते मला माहीत नाही. उशीच्या अभ्र्यात राहील. तुम्ही त्यांची मूठ विचारलीत तेव्हा मी दुःखानं मुकी झाले असं तुम्हाला वाटलं. तसं नव्हतं, मामंजी. मला माहीतच नव्हतं. वर्षभराच्या संसारात त्यांचा हात मी उजेडात कधी नीट पाहिला नव्हता. तुमची मूठ मात्र विचारा, आत्ता सांगते. माझ्याहून बरोबर एका अंगठ्यानं मोठी.