रीळ बदलताना

दादा, तुम्ही एकदा म्हणाला होतात, "माणूस ओळखायचा असेल तर पडद्याकडं बघू नये. रीळ बदलायला दिवा लावतात, तेव्हा माणसाकडं बघावं." मी सायकलच्या पुढच्या दांडीवर बसले होते. पिंपरी गावातल्या आपल्या खोलीवरून आपण चिंचवडच्या माळावर तंबूतला सिनेमा बघायला निघालो होतो. चौथीत असेन मी तेव्हा. वाक्य सगळं कळलं नव्हतं, पण तुम्ही ते तुमच्या लेकीला, मला सांगितलंत, आईला नाही, आत्याला नाही, एवढं मात्र चांगलं कळलं होतं.

त्या तंबूत यंत्र एकच असायचं. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत मधल्या खांबावरचा दिवा लागायचा आणि अंधारात बसलेली माणसं एकदम उघडी पडायची. कुणी घाईघाईनं डोळे पुसायचा, कुणाचं तोंड तसंच उघडं राहिलेलं असायचं, कुणी शेंगदाणेवाल्याला हाक मारायचा. तुम्ही मान न हलवता नुसते डोळे फिरवायचात आणि परत येताना सायकलवर एकेकाचा निकाल लावायचात. तलवारबाजीचे सिनेमे आवडणारा माणूस उधळा. देवादिकांचे आवडणारा सरळ, पण वेळेला पळून जाणारा. आई मरते, पोरं उघड्यावर पडतात, असल्या सिनेमात जो मनापासून रडतो, तो घर सांभाळणार. विनोदी सिनेमाला पुन्हापुन्हा जाणाऱ्याबद्दल तुम्ही काही बोलतच नव्हता, नुसती घंटी वाजवायचात. औषधाच्या कारखान्यातल्या तुमच्या स्टोअरमध्ये नवा माणूस आला की चहा पिताना तुमचा पहिला प्रश्न, "शेवटचा सिनेमा कुठला बघितलास?" आई म्हणायची, "आमच्या लग्नाच्या वेळी ह्यांच्या गावाला, कुरुळीला, तंबू आला नव्हता, म्हणून मी सुटले." तुम्ही हसायचात, पण नियम सोडत नव्हता.

तो नियम तुम्हाला कुठून मिळाला, हे मला फार उशिरा उमगलं. आजी गेली तेव्हा आत्या रांगत होती आणि तुमच्या ओठावर अजून मिसरूड फुटायचं होतं. कुरुळीच्या रानात तुम्ही तिला खांद्यावर घेऊन पिकाला पाणी द्यायला दारं धरायचात, असं आई सांगायची. घरात माणसं भरपूर होती, भेटायला येणारी आणखी. रडून झाल्यावर त्यातलं कोण थांबलं आणि कोण पायात वहाणा घालून निघालं, हे तुम्ही त्या वयात बघितलं होतं. पुढं नोकरी लागल्यावर आत्याला तुम्ही आपल्याबरोबर पिंपरीला आणलंत. तिच्यासाठी मुलगा बघणं हे तुम्हाला देवाला कौल लावण्यासारखं होतं.

आणि आत्या तर हसरी. कशालाही हसायची. पाहुण्यांपुढं हसू आलं की पदराचा बोळा तोंडात कोंबून मोरीकडं पळायची. आई चिडायची, "अगं, सासरी गेल्यावर काय करशील?" ती म्हणायची, "त्येन्लाबी हसवीन की, वैनी." तुमच्या कारखान्याच्या वर्कशॉपातला तो टर्नर आपल्या स्टोव्हचा पंप दुरुस्त करायला आला होता, आठवतं? कोल्हापूरकडचा, काळासावळा, मनगटापर्यंत तेलाचे डाग. पंप मारता मारता म्हणाला, "वैनी, ह्यो स्टो न्हाई, म्हातारा हाय. आदी खोकतोय, मग पेटतोय." आतून पातेलं पडल्याचा आवाज आला. पातेलं नव्हतंच पडलं, आत्या हसली होती. त्यानं दाराकडं बघितलं आणि मग उगीचच बराच वेळ स्टोव्ह पुसत बसला. पुढच्याच आठवड्यात त्याच्या मामानं तुमच्याकडं शब्द टाकला.

तुम्हाला तो नापसंत नव्हता. आईला तुम्ही म्हणालात, "पोरगा कामाचा हाय. पण बघायला येताना माणूस कपडे करून येतो. सिनेमात बसला की कळतं." तुम्ही त्याला चिंचवडच्या तंबूत बोलावलंत. बरोबर मी. आत्यानं त्या दिवशी माझी वेणी दोनदा घातली आणि दुसऱ्यांदा घालताना कानात म्हणाली, "नीट बग हां. नाक कसं हाय त्याचं, मला धड दिसलं न्हाई."

सिनेमा तुमच्या आवडीचा, म्हणजे आई मरण्याचा होता. तुम्ही मध्ये बसला होतात, एका बाजूला मी, एका बाजूला तो. दोरीच्या पलीकडं बायकांच्या बाजूनं हुंदके सुरू झाले होते. पडद्यावर आई गेलेली आहे, दोन पोरं तिच्या अंगावर पडून आक्रोश करताहेत, पेटीचे सूर वर वर चढताहेत. आणि मला दिसतं, की त्या मेलेल्या बाईचं पोट हलतंय. पातळ हळूच वर येतं, खाली जातं. धाकट्या पोराचं डोकं नेमकं तिथंच, ते डोकंसुद्धा त्याबरोबर वर-खाली होतंय. मी ओठ दातात धरला. तुमच्या पलीकडून नाकातून फुर्रकन आवाज आला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, गप रे!" आणि नेमकं तेव्हाच रीळ संपलं.

दिवा लागला. तुमचे गाल ओले होते, तुम्ही ते पुसतही नव्हता. त्याचं तोंड हसू दाबून फुगलेलं. त्याला तुमच्या डोळ्यांतलं पाणी दिसलंच नाही, किंवा दिसायच्या आधीच तो बोलून गेला, "अवो दादा, बाई मेलीया न्हवं? मग प्वाट कसं हालायलंय वो तिचं?" मग त्यानं तुमच्याकडं नीट बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "माफ करा," म्हणाला. आणि तुमच्या छातीवरून थोडं वाकून त्यानं माझ्याकडं बघितलं. भुवया उचलून, साक्षीदाराकडं बघावं तसं. तू तरी बघितलंस न्हवं? असं ते बघणं होतं. मी मान खाली घालून पायाखालच्या गवताची काडी उपटत बसले. शेंगदाणेवाला पुढं सरकला, दिवा गेला, पुढचं रीळ सुरू झालं. त्यात काय होतं ते मला काही आठवत नाही.

परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता. बराच रस्ता गेल्यावर विचारलंत, "काय बघितलंस?"

"तो हसला."

"तुला आलं हसू?"

"नाही."

तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "ज्याला मेलेल्या आईपुढं हसू येतं, त्याच्या घरी माझ्या बहिणीचं काही बरंवाईट झालं तर तो काय करील?" हे तुम्ही मला विचारलंत की रस्त्याला, कोण जाणे. पण घरी गेल्यावर आईला सांगितलंत, "पोरीची नजर माझी हाय. तिनंबी बघितलं." माझ्या नावावर निकाल लागला, दादा, आणि मी तेव्हा फुलून गेले होते. खोटं बोलल्याचं ओझं वगैरे काही वाटलं नाही. ते वाटायला दुसरी सकाळ उजाडावी लागली.

आत्या मोरीत राखेनं भांडी घासत होती. "का न्हाई म्हनला गं दादा?"

"तो सिनेमात हसला. आई मरते तिथं."

"कशाला हसला?"

सांगायला काय लागलं असतं? मेलेल्या बाईचं पोट हलत होतं, एवढं म्हणायचं होतं. ती तिथंच मोरीत पदराचा बोळा शोधत बसली असती. मग उठून तुमच्याकडं आली असती, कारण ती तुम्हाला भीत नव्हती, तुमच्या खांद्यावर वाढली होती. पण मग तुम्ही मला विचारलं असतंत, की काल का नाही बोललीस? म्हणून मी म्हटलं, "माहीत नाही. उगंच हसला."

तिचा हात थांबला. "उगंच?" मग ती परत तवा घासू लागली आणि थोड्या वेळानं माझ्याकडं न बघता म्हणाली, "मग न्हाई बरा. उगं हसनारा मानूस नगंच."

पुढच्या मोसमात जुन्नरकडच्या शेतकऱ्याचं स्थळ आलं. त्यांनाही तुम्ही तंबूत नेलंत. ते रडले. उपरण्यात तोंड झाकून रडले आणि सिनेमा सुटल्यावर बाहेर येऊन पुन्हा रडले. लग्न झालं. तुमची निवड वाईट नव्हती, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी आत्यावर कधी हात उगारला नाही, दारू शिवली नाही. त्यांना रडू लवकर येई, एवढंच. आत्याचं पहिलं बाळ गेलं तेव्हा ते सगळ्या आळीला ऐकू जाईल असे रडले आणि दिवेलागणीला विचारलं, भाकरी झाली का. हे आत्यानंच मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, भाकरी कोणी केली हे सांगता सांगता. मी सुट्टीत तिच्याकडं जायची. त्या घरात कुणी कुणाला रागवत नसे. पण आठवडाभर राहून मी परत आले, की लक्षात यायचं, आत्या एकदाही मोरीकडं पळाली नाही.

तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी गोष्टी लिहिते. लोक म्हणतात, बाईंची माणसांवर बारीक नजर आहे, आणि मी मान खाली घालते, तर त्यांना तो विनय वाटतो. तुमची खोडही माझ्यात उतरली आहे. परवा लेकीबरोबर तिच्या कॉलेजातला मुलगा आला, तर चहाचा कप हातात देताना माझ्या तोंडून गेलंच, "सिनेमे कुठले आवडतात रे तुला?" लेक म्हणाली, "आई, बसू दे की त्याला आधी! मुलाखत काय घेतेस?" त्या पोरानं जे उत्तर दिलं ते मी ऐकलंच नाही. कपातला चहा बशीत सांडला होता, तो पुसत राहिले.

सध्या आत्या माझ्याकडं पिंपळे गुरवला आहे. मोतीबिंदू काढायला आणली होती, परवा पट्टी सुटली. पट्टी होती तेव्हा दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवायची. एका दुपारी सिनेमाच्या जाहिराती वाचत होते, तर ती मध्येच म्हणाली, "का गं, त्यो टर्नर हसला कशाला हुता?"

इतकी वर्षं हा प्रश्न तिनं कुठं ठेवला होता, कुणास ठाऊक. मी म्हटलं, "आठवत नाही गं, आत्या."

"तुला आठवत न्हाई? तुला तर समदं आठवतं. पुस्तकं लिव्हतीस की." मग पट्टीखाली हात घालून कपाळ खाजवत म्हणाली, "जाऊ दे. माझ्या दादानं पारखून दिलं मला. कुनाच्या भावानं एवढं क्येलं?"

तुम्ही पारखून दिलंत, हे तिच्याजवळचं सगळ्यांत जपलेलं आहे, दादा. मी खरं सांगितलं तर तेवढंच जाईल. म्हणून मी गप्प आहे, असं मी स्वतःला समजावते आणि मग लिहायला बसते, तेव्हा कळतं की तसं नाही. तेव्हा मला तुमची लाडकी राहायचं होतं. अजूनही राहायचं आहे. तुम्ही नसताना, या वयात, मला अजून तुमच्या सायकलच्या दांडीवरून उतरायचं नाही. हे कबूल करायला तुमच्यासमोर कधी तोंड उघडलं नसतं, आणि हा कागदही कुठं जाणार नाही, म्हणून लिहवतं आहे.

उद्या सकाळच्या एस.टी.नं ती जुन्नरला जाईल. स्टँडवर सोडायला मीच जाणार, आणि गाडी नेहमीसारखी उशिरा येणार. तुमच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. तुम्ही चुकलात असं म्हणणार नाही, तो मुलगा चांगला होता असंही नाही. तुम्ही नाहीच म्हणाल, "आता कशाला उकरतेस?" म्हणाल, आणि तुमचंच बरोबर असेल. तरी विचारते. दादा, मलाही हसू आलं होतं, एवढंच तिला सांगू?