सरळ करून ठेवलेला खांब

नाशिक, द्वारका

चि. संजना हिस मोठ्या पप्पांचा भरघोस जयभीम.

तब्येत कशी आहे? चेन्नईत तिन्ही त्रिकाळ भातच मिळतो म्हणालीस. भाताशी माझं वैर नाही, पण आठवड्यातून एकदा तरी भाकरी मागून घे. मागितल्याशिवाय या देशात कुणाला काही मिळालेलं नाही. तुझी आई बरी आहे, म्हणजे सारखी कामात असते. रवीचा चष्मा रोज पुसून जागेवर ठेवते. माझा गुडघा दुखतो. (तो तुझ्या खांबांमुळे दुखतो, पण ते पुढे येईल.)

तुझं वाऱ्याचं इंजिनिअरिंग तू फोनवर समजावलंस ते मला नीट कळलं होतं, हे आधी मान्य कर. वादळात तुझा बाप, माझा धाकटा भाऊ रवी, ज्या शाळेचं छप्पर कोसळून गेला, तिथलं जवळचं वारा मोजायचं यंत्र ऐन वेळी वाऱ्यानेच मोडून पडलं. म्हणून वारा किती होता ते वाकलेल्या खांबांवरून काढायचं. जो वाकला त्याला वाकवण्याइतका वारा नक्की होता, जो शेजारी ताठ राहिला त्याला वाकवण्याइतका नव्हता, आणि सत्य या दोघांच्या मधे. (चाळीस वर्षं व्यासपीठांवर काढली, पण सत्य मधे कुठेतरी असतं हे मी कुणाचंही ऐकून घेतलेलं नाही. तुझं घेतलं.) शाळेचं छप्पर जेवढ्या वाऱ्याला टिकलं पाहिजे असं नियमात आहे, त्याहून वारा कमी निघाला, तर आपला रवी ठेकेदाराने मारला. जास्त निघाला, तर कुणीच मारला नाही. आणि त्याच आकड्यावर तिथली नवी शाळा बांधायची आहे. सगळं कळलं होतं. घोळ झाला तो गोटीरामला फोन करताना.

गोटीराम तिथल्या विहार समितीचा अध्यक्ष. वादळाच्या दिवशी रवीने किनाऱ्यावरची जी माणसं शाळेत आणून बसवली, त्यांत तो आणि त्याची बायको कुसाबाई होती. मी त्याला म्हणालो, विहारासमोरचा झेंड्याचा खांब बघायला येतोय. बस, एवढंच म्हणालो. मी इगतपुरीला भिजत आणि पनवेलला वाळत, अलिबागच्याही पुढे एकदाचा पोचलो, तर खांब भाल्यासारखा सरळ! ट्रॅक्टरचा जॅक लावून, दोर ओढून सरळ केलेला, वर पांढरा रंग, त्यावर पंचरंगी धम्मध्वज, आणि खाली माझ्यासाठी हार. मी जागीच ओरडलो. गोटीराम दुखावला. म्हणाला, "सर, तुम्ही नाशिकवरून खांब बघायला येणार आणि आम्ही तो वाकडा दाखवू? आम्हाला काय इज्जत नाय?" मी म्हणालो, मला वाकडाच हवा होता. त्यावर तो थोडा विचार करून म्हणाला, "मग तसं सांगायचं ना. परत वाकवू?" (माणूस जॅक आणायला निघालासुद्धा होता.)

हार आणलाच होता, म्हणून सभा झाली. शोकसभा म्हणून सुरू केली, पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. लगेच ठेकेदारावर आलो, त्याच्यावरून त्याला पोसणाऱ्यांवर, तिथून राज्यघटनेवर, आणि टाळ्यांच्या भरात कचेरीवरच्या मोर्चाची तारीख जाहीर करून मोकळा झालो. खाली उतरलो तर कुसाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. म्हणाली, "भाषण चांगलं झालं हो सर. पण वारा पण फार होता." एवढंच बोलली. पत्रे उडाले तेव्हा ती खालीच बसलेली होती. रवी दाराला पाठ लावून उभा होता आणि वरचं लोखंड त्याच्यावर आलं, हे तिने बघितलंय. मी तांब्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

मग वाकडा खांब शोधत गावभर फिरलो. लोकांनी देवळाची कमान सरळ केलेली, विजेचे खांब नवे आलेले. शेवटी शाळेच्या कोपऱ्यावर एसटी थांब्याची पाटी सापडली, कमरेतून वाकलेली. तिची कुणाला पडलेली नव्हती. शेजारी ग्रामपंचायतीची पाटी, जाड खांबाची, ताठ. म्हणजे तुला हवी तशी जोडीच. पाटी किती झुकली ते मोजायला गोटीराम स्टुलावर चढून तिच्या टोकावरून दोरीला बांधलेली घराची किल्ली ओळंब्यासारखी सोडत होता, वारा ती किल्ली गोल फिरवत होता, आणि मी (गुडघा तिथेच आपटला) रस्त्यावर पालथा पडून ती कुठे टेकते ते बघत होतो. एवढ्यात एसटी आली. ड्रायव्हर ओरडला, "ओ बाबा, थांबा चढायला असतो, झोपायला नाही!" कंडक्टर खाली उतरला आणि कसलं माप घेताय म्हणाला. गोटीराम वरूनच म्हणाला, "रवी सरांचं."

त्यावर कंडक्टरने गाडीतली चार माणसं उतरवली आणि सगळे खांद्याला खांदा लावून वाऱ्याच्या आडवे उभे राहिले. किल्ली स्थिर झाली. माझं माप होईपर्यंत बेल कुणी वाजवली नाही.

मापं वेगळ्या कागदावर जोडली आहेत. पाइपाची जाडी मोजायचं तू पाठवलेलं यंत्र मला वाचता येईना, ती सायकलवाल्याकडून वाचून घेतली.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
काळू (तुझा मोठा पप्पा)

ता. क. खांबाचं लोखंड मुळात कच्चं होतं असं धरता येतं का? तसं धरलं तर वारा कमी निघेल ना? थोडासाच कमी कर. मोर्चाची तारीख जाहीर झाली आहे आणि मला ठेकेदार हवा आहे.

ता. क. २. वरचं खोडणार होतो. खोडत नाही, तुझा मोठा पप्पा कुठवर घसरला ते तुला दिसू दे. तू आकडा कमी केलास तर नवी शाळा कमी वाऱ्याची बांधतील, आणि पुन्हा एखादा मास्तर दाराला पाठ लावून उभा राहील. निघेल तो आकडा पाठव.

ता. क. ३. मात्र मोठा निघाला तर फोनवर सांगू नकोस, इकडे ये. मोर्चाचं मी बघून घेईन. पण मला आजवर दुःख कुणाच्या तरी विरोधातच करता आलंय. नुसतं कसं करतात ते तुझ्या आईला येतं. तिला विचारायला एकट्याला धीर होत नाही; तू आलीस की दोघं मिळून विचारू.