टोपीखालच्या पिना

प्रिय भिंगरी,

तू म्हणाली होतीस, आजी, आईचं मत मला ठाऊक आहे, तू मुलगा नीट बघ आणि मला खरं काय ते सांग, मग मी हो की नाही ते ठरवीन. बघितला. अगदी खुर्ची टाकून बघितला. तुझ्या आईला तो देखणा, नम्र आणि कामाचा वाटतो. त्यातलं देखणा मला मान्य आहे. मी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलंय. केस गुळगुळीत, बूट गुळगुळीत, आणि बोलणं असं की त्यावर बसलेली माशी घसरून खाली पडावी. मला वाकून विचारलं, आजी, तब्येत कशी आहे? मी सांगायला तोंड उघडलं तोवर स्वारी पलीकडच्या खोलीत. तब्येत तिथेच राहिली बिचारी.

हे फोनवर का नाही सांगितलं म्हणशील. फोन लावते तुझी आई, धरते तुझी आई, आणि माझ्या तोंडचं वाक्य संपवतेही तुझीच आई. लिहिणारी म्हणाली, आजी, तुमचा आवाज भरून पाठवते. नको म्हटलं. आवाज ऐकता ऐकता तू भांडी घासशील. कागद वाचायला माणसाला बूड टेकावं लागतं. मला अक्षर ओळखता येत नाही, पण एवढं कळतं.

तर झालं असं. तुझ्या आईच्या स्कॅन सेंटरमागची ती चिंचोळी खोली तुला आठवत असेलच, तूच तर ती लावून दिलीस. ते पाठ नसलेलं उंच लोखंडी कपाट, त्यात ड्रॉवरसारखा सरकणारा, स्कॅनची चित्रं सांभाळणारा तुझा तो चपटा सर्व्हर. बाहेर पेशंट पंख्याखाली घाम पुसतात आणि आत त्या कपाटाला एसी. म्हणून मी दुपारी खुर्ची घेऊन तिथेच बसते. कपाटाला चालतं, तर मला का चालू नये? हल्ली मात्र त्या यंत्राची दमछाक व्हायची. स्कॅन काढला की डॉक्टरीणबाईंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, टेबलावर चित्र उमटेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाईल अशी गत. मग तुझी आई आपल्या स्कॅनवालीवर ओरडायची. स्कॅनवाली बिचारी पेशंटला झोपवणार, उठवणार, चित्रं काढणार. त्या चित्रांना पाय फुटत नाहीत हा काय तिचा दोष? तुझ्या आईने नवा प्रोसेसर आणि मेमरीच्या पट्ट्या मागवून ठेवल्या. तू आलीस की बसवशील असं ठरलं होतं. तेवढ्यात गुळगुळीत चहाला आला आणि म्हणाला, एवढ्यासाठी तिला कशाला थांबवायचं, मी देतो ना करून, माझं रोजचंच काम आहे. त्याचं रोजचं काम म्हणजे मोठ्या कंपनीत बसून दुसऱ्यांना हे काम करायला सांगणं, हे मला मागाहून कळलं.

तू हे काम करताना मी पाहिलंय गं. अंगातली वीज यंत्राला लागू नये म्हणून तू मनगटाला तो वायरवाला पट्टा बांधलास, दुसरं टोक कपाटाला अडकवलंस, आणि मी जवळ येते म्हटल्यावर मलाही एक बांधलास. आपण दोघी बांधून ठेवलेल्या म्हशींसारख्या उभ्या होतो. तू दाखवलंस, हा एक प्रोसेसर, याच्या डोक्यावर हा पत्र्यांचा ठोकळा, आणि ही शेजारची जागा दुसऱ्यासाठी रिकामी. त्या रिकाम्या जागेवर, सॉकेट म्हणतात म्हणे तिला, प्लास्टिकची टोपी होती. ती उचलून मला क्षणभर आत बघू दिलंस. कापलेल्या दाढीच्या खुंटांसारख्या, त्याहूनही कितीतरी बारीक पिनाच पिना. तू म्हणालीस, आजी, इथे बोट लावायचं नाही, एक जरी वाकली तरी सगळी जागा फुकट. मी श्वास धरून मागे सरले होते. लहानपणी तू माझा मिक्सर उघडलास आणि परत बसवून वर हातात एक स्क्रू शिल्लक ठेवलास. तीच ही पोर, असं वाटून मला हसू आलं होतं. तेव्हा तू स्क्रू लपवला नव्हतास. माझ्यापुढे धरून म्हणाली होतीस, हा उरलाय, कुठला ते मला कळत नाही.

आता गुळगुळीतचं ऐक. स्कॅनवालीने दुपारचे पेशंट पुढे ढकलले, यंत्र रीतसर बंद केलं, आणि म्हणाली, सर, मी थांबू का मदतीला? हा म्हणाला, नको, तुम्ही बाहेरच बसा, हे जरा टेक्निकल आहे. ती बाहेर गेली. हे नीट लक्षात ठेव, ती बाहेर गेली. मी कोपऱ्यात तुझ्या आईच्या कोटाचं बटण लावत बसले होते. मला बाहेर बसा म्हणायचं त्याच्या मनातही आलं नाही. खुर्चीला कोण सांगतं बाहेर जा म्हणून?

मागच्या दोन्ही वायरी काढल्या, यंत्र पुढे ओढलं, झाकण उघडलं, आतला प्लास्टिकचा पडदा काढला. इथवर ठीक. मनगटाचा पट्टा मात्र हुकावर होता तिथेच राहिला. कानात फोनचं बोंड, आणि पलीकडे कुणीतरी मित्र. त्याला सांगतोय, सासुरवाडीत इम्प्रेशन मारतोय रे. लग्नाचा पत्ता नाही आणि सासुरवाडी! ते ऐकवेना म्हणून मी डोळे मिटल्यासारखे केले, फटीतून मात्र सगळं दिसत होतं. मेमरीच्या पट्ट्या मात्र छान कटाकट बसवल्या, दोन्ही बाजूंना, ओळीने. मग टोपी काढली, नवा प्रोसेसर दोन बोटांत धरला, आणि नेमकं त्याच वेळी मित्राने काहीतरी विनोद केला असणार. हा खदखदून हसला. टक् असा आवाज आला. मी एक डोळा पुरता उघडला. तो चौकोन कोपऱ्यावर उभा पडला होता, बरोबर त्या पिनांत. याचं हसू तोंडावर तसंच राहिलेलं, विसरलेल्या टोपीसारखं.

मग फोनवर काय म्हणाला ते जसंच्या तसं सांगते. म्हणाला, पिना वाकल्या यार, सॉकेट गेला बहुतेक. मित्राने विचारलं असेल, कुणी बघितलं का. हा म्हणाला, नाही रे, कुणीच नाही, एक म्हातारी आहे, झोपलीय. आणि दुसऱ्याच मिनिटाला त्या कुणीच नाहीला हलवून विचारतो, आजी, जरा सुई मिळेल? मी दोरा तोडून दिली. म्हटलं बघू तरी काय शिवतो. खाली वाकून बराच वेळ टोचत बसला. कपाळावरचा घाम आत पडेल म्हणून मीच त्याला पदर पुढे करणार होते, पण म्हटलं जाऊ दे, त्याने आणखी काय बिघडणार आहे? मग प्रोसेसर बसवला, वर करडं मलम फासून ठोकळा चढवला, थोडं मलम शर्टाच्या बाहीलाही दिलं, आणि वायरी लावल्या. यंत्राने लाल डोळा वटारला आणि ढिम्म बसून राहिलं. तेव्हा याने मुकाट्याने नवा प्रोसेसर काढला, पिनांवर टोपी परत चढवली, आणि जुन्या एकट्याच्या जिवावर यंत्र सुरू केलं. मला सुई परत दिली, थँक्यू आजी म्हणाला. संस्कार आहेत हो मुलावर.

मग सगळ्यांना बोलावलं. स्कॅनवालीने पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, सर, नव्या पट्ट्या तर सगळ्या बसवल्यात, पण मेमरी निम्मीच दिसतेय. त्याच बाजूच्या दिसत नाहीत, जिथे प्रोसेसर नाही, नुसती टोपी आहे. तुला यातलं जास्त कळेल. याने तिच्याकडे पाहिलं, मग तुझ्या आईकडे, आणि हळूहळू चेहरा गंभीर केला. म्हणाला, आंटी, मला कुणाला दोष द्यायचा नव्हता, पण माझं काम चालू असताना यांनी मध्येच येऊन बटण दाबलं, त्याने प्रोसेसर जळला, मेमरीवरही परिणाम झालाय. दोष द्यायचा नव्हता म्हणे! एवढा जड दोष त्याने किती अलगद उतरवला, प्रोसेसर तसा उतरवला असता तर काम झालं असतं.

इथे लिहिणारीचा हात थांबलाय. हो, स्कॅनवालीच लिहितेय. म्हणतेय, आजी, माझ्याबद्दलचं राहू द्या, त्यांना वाटेल मीच रचून लिहिलं. लिही म्हटलं, मुकाट्याने लिही. घरात माझं बोलणं न बदलता कागदावर उतरवणारं दुसरं आहे कोण? तुझी आई लिहायला बसली असती तर आत्तापर्यंत गुळगुळीत सुस्वभावी आणि मनमिळाऊ झाला असता.

मी तिथल्या तिथे बोलले, भिंगरी. म्हटलं, ही बाहेर होती, याच्याच हातून पडलं, मी पाहिलंय. त्यावर तुझी आई, माझी पोटची पोर, अख्खी डॉक्टर, काय म्हणाली ऐक. म्हणाली, आई, तुला काय कळतंय त्यातलं, तू झोपली होतीस. आणि गुळगुळीत मायेने हसून म्हणाला, आजींना स्वप्न पडलं असेल. सगळे हसले. आम्ही दोघी तेवढ्या हसलो नाही. मी म्हटलं, ती टोपी उचला, खाली बघा. तुझी आई म्हणाली, पाहुण्यासमोर शोभा नको. शोभा! शोभा तर त्याच्या बाहीवर लागली होती, करडी. स्कॅनवालीला महिनाअखेरीस दुसरीकडे बघ म्हणून सांगितलंय. तुझ्या आईला तिच्यावर ओरडायची इतकी सवय झालीय की तिची चूक असणं हेच तिला नेहमीचं वाटतं.

तुझे आजोबा तुला नीट आठवत नसतील. काचा बसवायचे. गुण शोधायला दिवा लागावा असा माणूस. घोरायचा, विसरायचा, पाहुणे आले की मागच्या दाराने पसार व्हायचा. एकदा एका घरी मोठा आरसा बसवत होते, मी डबा घेऊन गेले होते. आरशाला तडा गेला. त्याच खोलीत त्या घरची दोन पोरं चेंडू खेळत होती. मालकीण धावत आली ती थेट पोरांचे कान पकडायलाच. काही न बोलताही माणूस सुटला असता. हे शिडीवरूनच ओरडले, बाई, पोरांना सोडा, माझ्या हातून गेला. आरशाचे पैसे त्यांच्या मजुरीतून गेले. मी त्यांना तेव्हा पुष्कळ बोलले. पण त्यांच्यापाशी झोपताना मला कधी एक डोळा उघडा ठेवावा लागला नाही.

आता पत्र का, ते. माझं उत्तर मिळायच्या आधीच तू हो म्हणालीस, हे काल मला तुझ्या आईने गात गात सांगितलं. मला विचारलंस आणि थांबली नाहीस. असू दे. वय आहे, तो देखणा आहे, मीही आजोबांना एका खिडकीतून बघूनच हो म्हटलं होतं. होकार तुझा आहे, तो मागे घे असं मी म्हणणार नाही. एवढंच कर. रविवारी तो इथे जेवायला येणार आहे, तेव्हा फोन कर आणि सगळ्यांसमोर विचार, प्रोसेसर कुणाच्या हातून पडला? माझं नाव काढू नकोस, पिनांचं बोलू नकोस. तो म्हणाला, माझ्या हातून, तर मी ही सगळी वटवट गिळीन आणि तुझ्या लग्नात सगळ्यांच्या पुढे मिरवीन. हात काय, कुणाचाही घसरतो. पण त्याने पुन्हा या स्कॅनवालीचंच नाव घेतलं, तर नीट ऐक, कारण लग्नानंतर तुमच्या घरात ही नसेल. तिथे बोट दाखवायला हाताशी तू असशील.

तुझीच, आणि तुझ्या बाजूने टक्क जागी,
आजी
(अंगठा माझा आहे. करडा डाग नाही, शाईच आहे.)